आपल्या थंडीत कोणतं झाड टिकेल?

तुळशीचं लग्न लागलं की महिन्याभरात एकाच जातीचे प्रश्न यायला लागतात. तुळस काळी पडली, काय करू? कढीपत्ता पार बोडका झाला, मेला का? ऑनलाइन मागवलेल्या रोपाच्या चिठ्ठीवर ‘झोन 5 ते 9’ लिहिलंय, जालन्यात मस्तगडातल्या आमच्या गच्चीवर चालेल का? आणि अलीकडे त्यांत एकाची भर पडली आहे: कमी थंडीत येणारं सफरचंद म्हणे निघालंय, अर्धा एकर लावू का?

प्रश्न वेगवेगळे असले तरी गोंधळ एकच आहे. थंडीचं नाव काढलं की आपण हिमाचलच्या नाहीतर अमेरिकेच्या मापाने मोजायला लागतो. जालन्याची गोष्ट उलटी आहे. इथे थंडीने झाड सहसा मरत नाही, थांबतं. मरतं ते एप्रिल-मेमध्ये, उन्हाने, कोरड्या वाऱ्याने आणि पाणी तुटल्याने. म्हणून रोप निवडताना पहिला प्रश्न ‘हे मे महिना काढेल का’ हा, आणि ‘डिसेंबर-जानेवारीत याचं काय होईल’ हा दुसरा. बहुतेक जण फक्त दुसराच विचारतात आणि पैसे घालवतात.

आधी आपली थंडी ओळखा

जालना समुद्रापासून लांब, साधारण 500 मीटर उंचीवर. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते. डिसेंबरात दुपारी 28-29 अंश आणि पहाटे 10-12 अंश, असा एकाच दिवसाचा पसारा. उत्तरेकडचे वारे आले की पारा आणखी तीन-चार अंशांनी उतरतो. एखादं वर्ष वेगळंच निघतं. डिसेंबर 2018 च्या अखेरीस निफाडला पारा 2 अंशांच्या खाली गेला होता आणि आपल्या परभणीतही 3 अंशांच्या आसपास आला होता. अशी रात्र पाच-सात वर्षांतून एखादी येते, पण बाग लावणारा माणूस वीस वर्षांचा हिशेब करतो, तेव्हा ती धरायलाच हवी.

झाडाला थंडी दोन तऱ्हांनी बाधते, आणि त्यांत फरक केलात तर निम्मा घोर कमी होईल.

- गारठ्याची बाधा. पारा 10-12 अंशांच्या खाली राहिला की उष्ण मुलखातली झाडं आखडतात. मुळं पाणी कमी ओढतात, पानं पिवळी-जांभळी होतात, नवी फूट थांबते. केळी, पपई, तुळस, कढीपत्ता, मनी प्लांट, सुपारी पाम ही मंडळी यात येतात. गारठा सरला की ती बहुधा सावरतात.
- गोठण्याची बाधा. पानावरचं दव गोठतं, पेशीतलं पाणी गोठून पेशी फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की पान उकडल्यासारखं काळं पडतं. शहरात हे जवळजवळ होत नाही. नाल्याकाठच्या खोलगट रानात क्वचित होतं.

एक गोष्ट लक्षात असू द्या. बातम्यांत सांगतात ते तापमान जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून दोन-चार अंशांनी थंड असते. पेपरात 6 अंश आले असतील तर तुमच्या कोथिंबिरीच्या वाफ्यावर 3 असू शकतात.

एकाच गावात दोन हवामानं

थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि खोलगटात साचते. मस्तगडची मूळ गढी 1725 ची, निजाम-उल-मुल्क असफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने बांधलेली. तिच्या आसऱ्याने दाटलेल्या वस्तीत दगडी भिंती आणि अरुंद बोळ आहेत. दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते हळूहळू सोडतो, म्हणून अशा वाड्याच्या चौकातली तुळस कुंडलिका नदीच्या काठावरच्या मोकळ्या परसातल्या तुळशीपेक्षा सुखात राहते. गच्ची मात्र फसवी. उंचावर असली तरी वर उघडं आकाश, चारी बाजूंनी वारा. तिथली कुंडी मुळांसकट गार पडते.

रोप आणण्याआधी स्वतःची जागा एकदा न्याहाळा:

- हिवाळ्यात सकाळचं ऊन किती वाजता पोहोचतं? नऊच्या आत येत असेल तर नाजूक रोपं तिथे.
- दक्षिणेला किंवा पूर्वेला तोंड असलेली पक्की भिंत आहे का? हिवाळ्यात तिच्यासारखा आसरा नाही. तीच पश्चिमेची असेल तर मे महिन्यात तिच्यासमोरचं रोप भाजून निघेल.
- उत्तरेचं वारं थेट लागतं का?
- शेत असेल तर बांधाच्या खालच्या अंगाला, जिथे पहाटे धुकं रेंगाळतं, ती पट्टी ओळखून ठेवा. केळी, पपई तिथे लावू नका.

किमान-कमाल तापमापक फार महाग मिळत नाही. एक हिवाळा आणि एक उन्हाळा त्याचे आकडे वहीत लिहिलेत तर कुठल्याही रोपवाटिकावाल्यापेक्षा तुम्हाला तुमची जागा जास्त कळेल.

‘झोन’चा आकडा कसा वाचायचा

हा आकडा अमेरिकेच्या कृषी खात्याचा. 1960 साली त्यांनी पहिला नकाशा काढला, 2023 मध्ये ताजा केला. वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरीने किती थंड असते, एवढ्यावरून देशाचे 1 ते 13 असे पट्टे पाडलेले आहेत. आकडा जितका लहान, तितकी थंडी कडक. त्या हिशेबाने जालना साधारण 11 मध्ये बसेल. न्यू जर्सीतल्या आपल्या नातेवाइकांचं अंगण 6-7 च्या आसपास असतं, म्हणून ती माणसं कढीपत्ता आणि तुळस कुंडीत लावतात आणि ऑक्टोबरातच घरात घेतात.

आता ‘झोन 5 ते 9’ लिहिलेलं रोप. वाचणाऱ्याला वाटतं, पाचातली थंडी सोसतं तर आपली किरकोळ थंडी त्याला काहीच नाही. खरं आहे, थंडी ते सोसेल. पण वरचा आकडा 9 आहे. त्यापुढच्या पट्ट्यात त्याला हवी तेवढी थंडी मिळत नाही, आणि त्या आकड्यात उन्हाळ्याचा हिशेबच नाही. आपल्या 42 अंशांबद्दल, जुलैतल्या चिकट काळ्या मातीबद्दल, चुनखडीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. चिठ्ठीवर 10, 11 किंवा 12 यांपैकी काही नसेल तर रोप घेऊ नका. असेल तरी तेवढ्यावर घेऊ नका.

मेल्यासारखं दिसणारं, पण न मेलेलं झाड

हिवाळ्यात लोक सर्वांत जास्त चुका करतात त्या झाड वाचवण्याच्या घाईत. आधी ते जिवंत आहे का पाहा. बोटाएवढ्या जाडीची फांदी धरा आणि नखाने सालीचा वरचा पापुद्रा खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. कोरडं, तपकिरी लागलं तर थोडं खाली सरका, पुन्हा खरवडा. हिरवं जिथे सुरू होतं, तिथपर्यंतच फांदी छाटायची. तीही आत्ता नाही, थंडी सरल्यावर.

तुळस. मार्गशीर्ष-पौषात आधी खालची पानं कडेने जांभळट काळी होतात, मंजिऱ्या वाळून तपकिरी पडतात, मग वरची पानं गळतात. घरात कुजबुज सुरू होते. अपशकुन वगैरे काही नाही, मूळची उष्ण हवेतली वनस्पती आहे ती. मंजिऱ्या खुडा, कारण बी धरण्यात तिची ताकद जाते. बी मात्र कागदात ठेवा. सकाळची पूजा झाली की तांब्याभर पाणी रोज ओतणं हे तिच्या मरणाचं मोठं कारण आहे. थंडीत कुंडी सुकायला वेळ लागतो आणि मुळं सडतात. पाणी चमचाभर वाहा, श्रद्धेला बाधा येत नाही. थंडीची लाट असेल त्या रात्री पातळ सुती कापड झाका, सकाळी काढा. आणि तुळस दोन-तीन वर्षांची, बुंध्याशी लाकूड झालेली असेल तर तिचं वय झालेलं असतं. फाल्गुनात जपलेलं बी टाका.

कढीपत्ता. पानं पिवळी होतात, दांड्या तेवढ्या उभ्या राहतात. तो झोपलेला आहे. या काळात ताक, खत, औषध यांपैकी काही घालू नका. खाणार नाही तो. जानेवारीच्या शेवटी ऊन तापायला लागलं की शेंडे छाटा, थोडं शेणखत द्या. फेब्रुवारीत कोंब दिसतील.

मोगरा थंडीत निपचित असतोच. पाणी तोडा, जानेवारीत छाटणी करा, मार्चमध्ये कळ्या येतील. चाफा, सीताफळ, डाळिंब, अंजीर, अडेनियम यांची पानगळ हा त्यांचा स्वभाव आहे. अडेनियमला थंडीत पाणी दिलंत तर बुंधा मऊ पडून सडतो.

भेंडी, गवार, काकडी, दोडका यांचं बी डिसेंबरात उगवत नाही आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं की बी बोगस. मातीचं तापमान 17-18 अंशांच्या खाली गेलं की भेंडीचं चांगलं बीसुद्धा मातीत पडून कुजतं. बियाण्यांची राजधानी म्हणवणाऱ्या गावात तरी आपण हे भांडण करू नये. जानेवारी संपेपर्यंत थांबा.

कुंडी आणि गच्चीसाठी निवड

हिवाळा हा आपल्याकडचा बागेचा सर्वांत चांगला हंगाम आहे, हे लोक विसरतात. मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा, गाजर, मुळा, कोबी, फुलकोबी यांना ही थंडी हवीच असते. फुलांत शेवंती, पिटुनिया, पॅन्सी, डायंथस, कॅलेंड्युला. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात केली तर डिसेंबरात तो वर्षातली सर्वांत मोठी फुलं देतो. टोमॅटो, मिरची, वांगी मरत नाहीत; फक्त पहाटे 12-13 अंशांच्या खाली गेलं की फूल गळतं, फळ धरत नाही. त्यावर फवारे मारू नका, वाट पाहा.

बारमाही हवं असेल तर जास्वंद, बोगनवेल, कण्हेर, मधुमालती, कोरफड, स्नेक प्लांट. बोगनवेलीसारखं जालन्याला मानवणारं दुसरं झाड नाही, आणि कितीही लावली तरी लोकांना ती पुरेशी शोभिवंत वाटत नाही, ही वेगळी गोष्ट. घरातली ॲग्लोनेमा, मनी प्लांट, सुपारी पाम रात्री उघड्या खिडकीपासून दूर ठेवा. टाकीचं गार पाणी पहाटे घालू नका, दहानंतर घाला.

शेतासाठी निवड

इथे मी फार लांबण लावत नाही. ज्यांनी इथला उन्हाळा आणि इथली माती पाहिली आहे अशी झाडं आधी: सीताफळ, बोर, चिंच, आवळा, कवठ, जांभूळ, शेवगा, पेरू, केसर आंबा, लिंबू, मोसंबी. यांतल्या एकालाही जालन्याची थंडी मारत नाही. सीताफळ आणि बोराला पाणीही थोडं लागतं. चिंचेत ‘प्रतिष्ठान’ हा वाण मराठवाड्यातलाच आहे. आंब्याला मोहरासाठी थंड रात्री लागतात, त्याच्यासाठी हिवाळा वरदान. फक्त कलम लावल्यापासून पहिले दोन हिवाळे त्याला आडोसा द्या.

मोसंबीचं थोडं सविस्तर, कारण जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि विचारणाही तिचीच जास्त होते. साधारण 13 अंशांच्या खाली लिंबूवर्गीय झाडाची वाढ थांबते. डिसेंबरात पालवी येत नाही म्हणून युरिया टाकणं हा पैशाचा धूर आहे. आंबे बहार धरायचा तर हीच थंडी कामाची: पाणी तोडून ताण द्यायचा आणि गारठ्याच्या विश्रांतीची त्याला जोड मिळू द्यायची. जमिनीच्या मगदुरानुसार ताण कमी-जास्त लागतो. मध्यम जमिनीत दीड-दोन महिने, हलक्या मुरमाड रानात त्याहून कमी. पानं मलूल होऊन चौथा हिस्सा गळाली की ताण पुरे झाला, जानेवारीत पाणी सुरू करा. झाड अशक्त असेल, गेल्या उन्हाळ्यात होरपळलेलं असेल तर ताण देऊ नका. त्या वर्षी बहार सोडा आणि झाड वाचवा. नवीन लागवड करणाऱ्यांनी मातीतला मुक्त चुना आधी तपासून घ्यावा. तो दहा टक्क्यांच्या वर असेल तर मोसंबीचा नाद सोडून सीताफळाकडे वळा.

केळी आणि पपई लावायला हरकत नाही, पण थंडीचा हिशेब करून. घड नेमका डिसेंबर-जानेवारीत निसवणार असेल तर तो बुंध्यात अडकतो, वेडावाकडा बाहेर येतो, फळं फुगत नाहीत. लागवडीची तारीख मागे-पुढे करून हे टाळता येतं. उत्तरेच्या बांधाला शेवरी किंवा गिरिपुष्पाची दाट ओळ आधी लावा, केळी नंतर.

सफरचंद, स्ट्रॉबेरी, ॲव्होकॅडो: मोहाची झाडं

सफरचंद. डेलिशस जातीच्या झाडाला फुलण्यासाठी हिवाळ्यात साधारण 7 अंशांखालचे हजारभर तास लागतात. आपल्याकडे तसे तास जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा यांनी शोधलेली ‘एचआरएमएन-99’ आणि जुनी ‘ॲना’ या जातींना त्यामानाने फार कमी थंडी पुरते. महाराष्ट्रात काही शेतकऱ्यांकडे अशी झाडं फळलीही आहेत. पण झाडाला फळ धरणं वेगळं आणि त्याचा धंदा होणं वेगळं. ही कलमं बहुतेक वेळा जानेवारी-फेब्रुवारीत, माती झटकलेल्या उघड्या मुळांनी येतात. मूळ धरतं न धरतं तोच तिसऱ्या महिन्यात त्यांच्या वाट्याला 42 अंश येतात. हौसेला एक-दोन झाडं लावा, दुपारची सावली द्या, ठिबक ठेवा. अर्धा एकर लावू नका, हे माझं स्पष्ट मत.

स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आहे, म्हणून तिथे ती नांदते. जालन्यात ती हंगामी पाहुणी. ऑक्टोबरात रोप लावा, जानेवारी ते मार्च फळं खा, एप्रिलमध्ये ती जाणार हे मनाशी धरून चाला. या बोलीवर कुंडीत ती चांगलीच आनंद देते.

ॲव्होकॅडो. ‘थंडी सोसतो’ असं सांगून विकतात. सोसतो थोडी. पण कोरडी झळ त्याला सोसत नाही, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं कुजतात. लिचीची गतही उन्हाच्या झळीत तशीच होते. लव्हेंडर थंडीत तरतरीत दिसते आणि जुलैत सडते. ट्यूलिपचे कंद शीतगृहातून आलेले असतात. एकदा फुलतात, पुढच्या वर्षी नाही. विकणारा हे आपणहून सांगत नाही.

आणि एक फसगत झाडाची नाही, प्रवासाची आहे. गाडीवरून येणारी चकचकीत रोपं पुष्कळदा आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतली असतात. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातली ती दमट, उबदार हवा. तिथून नोव्हेंबरात जालन्याच्या कोरड्या गारठ्यात उतरली की आठवड्यात पानं गाळतात. अशी रोपं आणलीत तर आठ-दहा दिवस आडोशाला, अर्धवट सावलीत ठेवा, लगेच कुंडी बदलू नका. खरं तर बारमाही रोप आणायचा योग्य काळ चांगला पाऊस पडून गेल्यावरचा, जून-जुलैचा. थंडी यायच्या आत त्याची मुळं खोल जातात.

लाटेच्या रात्री काय करायचं

हवामान खात्याच्या व्याख्येत सपाट प्रदेशातली थंडीची लाट म्हणजे किमान तापमान 10 अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी. पारा थेट 4 अंशांवर आला तरीही लाटच. ‘मेघदूत’ ॲपवर अंदाज मिळतो आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी येतो. इशारा आला की:

- शेतात संध्याकाळनंतर किंवा रात्री हलकं पाणी द्या. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. रात्रीच्या पाळीची वीज एरवी शिव्या खाते, लाटेच्या दिवसांत तीच पिकाला तारते.
- कुंडीत याच्या उलट. रात्री पाणी नको, सकाळी ऊन आल्यावर थोडंसं.
- बुंध्याशी पाचट, वाळलेलं गवत किंवा भुसा यांचं आच्छादन.
- लहान कलमांना गोणपाट किंवा जुनं लुगडं, काठ्यांच्या आधाराने. कापड पानांना टेकू देऊ नका आणि सकाळी काढायला विसरू नका. प्लास्टिक थेट पानांवर टाकलंत तर ते टेकलेली पानं आधी जातात.
- केळीच्या घडावर झाकायची पिशवी (स्कर्टिंग बॅग).
- नत्राची मात्रा आणि छाटणी पुढे ढकला. कोवळी फूट थंडीला पहिली बळी पडते.

पहाटे शेकोट्या करून बागेत धूर करायचा सल्ला सर्रास देतात. वारा पडलेला असेल आणि धूर खाली पसरून राहिला तर थोडा उपयोग होतो, एरवी तो वर निघून जातो. पाण्याची पाळी त्यापेक्षा कितीतरी भरवशाची.

रोप घेताना, आणि फसवणूक झाली तर

महाराष्ट्रात फळझाडांची रोपवाटिका चालवायला 1969 च्या कायद्यानुसार परवाना लागतो. तो पाहायला मागणं हा तुमचा हक्क आहे, आगाऊपणा नाही. शक्य असेल तर सरकारी किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्या. बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे. सल्ल्यासाठी खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र जालन्याला खेटूनच आहे. या केंद्रांतली रोपं आधी नोंदवावी लागतात, म्हणून उन्हाळ्यातच चौकशी करा.

विकणाऱ्याला हे विचारा आणि उत्तरं पावतीवर लिहून घ्या:

- वाण कोणता, खुंट कोणता, कलम कधी बांधलं?
- रोप कुठे वाढलं: उघड्यावर, शेडनेटमध्ये की पॉलिहाऊसमध्ये?
- या तालुक्यात याचं चार वर्षांचं, फळ देणारं झाड कोणाकडे आहे? जाऊन पाहता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर खरेदी तिथेच थांबवा.

अनुदान हवं असेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करावा लागतो. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के अशा हप्त्यांत मिळतं आणि पुढचे हप्ते किती झाडं जगली यावर ठरतात. हवेला न मानवणारं झाड लावलंत तर तिथेही फटका बसतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात काही पिकांना कमी तापमानाचं संरक्षण आहे. तुमच्या महसूल मंडळात तुमचं पीक अधिसूचित आहे का, कोणत्या तारखांत आणि किती अंशांखाली भरपाई लागू होते, हे हप्ता भरण्याआधी कृषी कार्यालयात विचारा. भरपाई मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या बांधावरच्या तापमापकावर नाही.

दुसराच वाण निघाला, रोगट रोप दिलं, ‘इथे हमखास येतं’ असं लेखी सांगून आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 तुमच्या बाजूने आहे. शेतकरी हाही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बियाण्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. क्रम असा ठेवा: आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन पाहणीची मागणी करा, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. प्राथमिक सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. ऑनलाइन विक्रेत्यालाही आपलं नाव-पत्ता आणि माल परत घेण्याचे नियम जाहीर करणं बंधनकारक आहे. ते दिसत नसतील तर मागवू नका.

पावती, चिठ्ठी, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि लावल्या दिवसापासूनचे फोटो सांभाळून ठेवा. मेलेलं रोपही पाहणी होईपर्यंत उपटून टाकू नका.